आधी सांगा, दुखणं बिलाचं की लाइनीचं?

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: घर गावठाणात, पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मागे टिनाचं छत. माणसं सहा. मार्च ते जून महिन्याला २८० युनिट पडतात, पावसाळ्यात १५० आणि थंडीत ९५च्या आसपास. लाइन रोज कधी ना कधी जाते. छतावर सोलर बसवायची तीन जणांनी दरपत्रकं दिली आहेत, तिन्ही ३ किलोवॅटची: एक १ लाख ६० हजारांचं, दुसरं १ लाख ९५ हजारांचं, तिसरं बॅटरीसकट २ लाख ८० हजारांचं. बिल अजून आजोबांच्या नावावर येतं. यातलं कोणतं घ्यावं, आणि गोबरगॅस, पाणी तापवायचं सोलर, छोटी पवनचक्की यांचाही विचार करावा का?

भाऊ, मी अमरावती, अकोला, यवतमाळच्या खेड्यांत चौदा वर्षं हेच फिटिंगचं काम करतो आहे. तुमच्या तिन्ही दरपत्रकांपैकी एकही मी आज घेणार नाही. कारण तुम्हाला नेमकं काय दुखतंय हे तिघांपैकी कोणी विचारलेलं दिसत नाही. बिल जास्त येतं हे दुखणं असेल तर त्याचं औषध वेगळं. लाइन जाते हे दुखणं असेल तर त्याचं वेगळं. दोन्हीला एकच गोळी द्यायला गेलं की पैसाही जातो आणि आजारही राहतो.

हे मी शिकलो ते माझ्याच चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी सोलरच्या प्लेटा बसवल्या, कागदपत्रं केली, मीटर बदलून झालं, सगळे खूश. मे महिन्यात दुपारी फोन आला म्हणून गेलो. लाइन गेलेली, घरात पंखा बंद, बाहेर ४५ अंशांचं ऊन. घरातली आजी पदरानं वारा घेत ओसरीत बसली होती. मला म्हणाली, "बाबू, ऊन तं एवढं तपून राह्यलं, अन् पंखा काऊन बंद?" उत्तर मला येत होतं, पण ते तिला आणि तिच्या मुलाला मी काम घेण्याआधी सांगायला हवं होतं.

उत्तर असं आहे. बिल कमी करण्यासाठी जे सोलर बसवतात, ज्याला ऑनग्रिड म्हणतात, ते महावितरणच्या लाइनीचा हात धरून चालतं. लाइन गेली की त्याचं इन्व्हर्टर आपोआप बंद होतं, बाहेर कितीही ऊन असो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. लाइन बंद करून लाइनमन खांबावर चढला आणि तुमच्या छतावरून तारेत वीज आली, तर त्याचा जीव जाईल. गोंधळात भर म्हणजे घरात बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या डब्यालाही आपण इन्व्हर्टरच म्हणतो. नाव एक, यंत्रं दोन. दुकानदार "इन्व्हर्टर येतो ना सोबत" म्हणतो, आपण समजतो आता लाइन गेली तरी पंखा फिरणार.

म्हणून तुमचे दोन आजार वेगळे करून पाहू.

आधी बिल. तुमचे वर्षाचे युनिट जोडले तर चार महिने २८०, चार महिने १५०, चार महिने ९५, म्हणजे २,१०० होतात. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. धूळ, लाइन जाण्यातली तूट, ढग वजा करून वर्षाला १,३०० युनिट धरले तरी २ किलोवॅटचे २,६०० झाले. तुम्हाला ३ किलोवॅट कशाला हवं? ३ किलोवॅट लावलंत तर वर्षाला १,८०० युनिट तुम्ही लाइनीला द्याल आणि त्याचा मोबदला फार थोडा मिळेल.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी दरपत्रक देणारे सहसा सांगत नाहीत. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी शिल्लक असलेले युनिट पुढे जात नाहीत, त्यांचे कमी दरानं पैसे होतात. आता आपल्या घराचं वर्ष पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपण जेमतेम ९५ युनिट जाळतो, प्लेटा दुप्पट देतात. शिलकेचा डबा भरत जातो. आणि बरोबर ३१ मार्चला, कूलर बाहेर काढून ताट्या बदलायच्या वेळी, तो डबा रिकामा होतो. म्हणजे थंडीत साठवलेलं उन्हाळ्यात वापरू हा हिशेब विदर्भात बसतच नाही. म्हणून मी नेहमी एप्रिल-मेच्या गरजेवर माप घेतो. २ किलोवॅट एप्रिलमध्ये २६० युनिटच्या आसपास देईल, तुमचा खर्च २८०. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे १६०-१७०वर येईल, तुमचा खर्च १५०. अंगाला माप बरोबर बसलं. स्थिर आकार मात्र भरावाच लागेल, बिल शून्य होतं असं कोणी म्हणालं तर त्याच्या घरचं बिल मागून पाहा.

अनुदानही २ किलोवॅटलाच जास्त सरळ बसतं. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला फक्त १८ हजार, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा त्याहून मोठ्या प्लांटला ७८ हजार. तिसरा किलोवॅट तुमच्या खिशातून जास्त जातो आणि तुमच्या घराला त्याची गरज नाही. पुढे घरात एसी येणार असेल, मुलाचं लग्न होऊन वरच्या मजल्याचं बांधकाम होणार असेल, तर गोष्ट वेगळी. त्या वेळीही आधी इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा घेऊन ठेवा, प्लेटा नंतर वाढवता येतात. एवढंच की अनुदान प्लेटा आणि इन्व्हर्टर यातल्या लहान आकड्यावर मोजलं जातं, आणि नंतर वाढवलेल्या प्लेटांची नोंद महावितरणकडे नव्यानं करावी लागते.

आता लाइन जाण्याचं दुखणं. ती रोज किती वेळ जाते, कधी जाते, हे लिहून काढा. संध्याकाळी तास-दोन तास जात असेल तर त्यासाठी २ लाख ८० हजारांचा हायब्रीड, म्हणजे बॅटरीसकटचा सोलर, घेणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. घरातली साधी बॅटरी पुरते. हिशेब बघा. १२ व्होल्टची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. ती अर्ध्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर लवकर बसते. म्हणजे हातात ९००, त्यातून इन्व्हर्टरची तूट जाऊन साडेसातशेच्या आसपास. जुने ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे चार बल्ब मिळून १८६ वॅट होतात, म्हणजे चार तास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले, ३० वॅटचे, तर सगळं मिळून ९६ वॅट आणि जवळपास आठ तास. बॅटरी तीच, रात्र दुप्पट निघाली. पंखा बदलायला जो खर्च येतो तो दुसऱ्या बॅटरीपेक्षा कमीच. मी तर म्हणेन, सोलरच्या आधी पंखे बदला, त्यानं बिलही उतरेल आणि कदाचित दीड किलोवॅटमध्येच काम होईल.

कूलर मात्र त्या बॅटरीवर जोडू नका. आपला देशी कूलर, टिनाच्या पेटीचा, मोटर आणि पंप मिळून २०० वॅटच्या आसपास खातो. रात्री दहा तास चालला तर २ युनिट. तो लाइनीवरच चालू द्या.

हायब्रीड कोणाला घ्यावा लागतो ते सांगतो. ज्यांचं घर शेतात आहे, गावठाणाच्या वीजवाहिनीवर, म्हणजे फीडरवर, नाही, शेतीपंपाच्या फीडरवर आहे, त्यांना. तिथे लाइन दिवसाचे किंवा रात्रीचे आठ तास. रात्रीची पाळी आली तर दिवसभर ऑनग्रिड प्लेटा उन्हात नुसत्या भाजत बसतात. अशा वस्तीवर ऑनग्रिड बसवून देणारा माणूस तुमचा मित्र नाही. त्यांना बॅटरीचंच करावं लागतं. त्यात लिथियम, म्हणजे एलएफपी, महाग असली तरी तिला पाणी टाकायची कटकट नाही आणि ती जास्त खोलवर वापरता येते. फक्त टिनाच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात त्या खोलीत भाकर भाजेल. बॅटरीला वेगळं अनुदान नाही, हेही लक्षात असू द्या. तुम्ही गावठाणात आहात, म्हणून हा विषय तुमच्यापुरता सोडून देतो.

आता मी तुमच्या घरी आलो तर सगळ्यात आधी छतावर चढणार नाही. मीटरपाशी उभा राहीन आणि खांबावरून घरापर्यंत आलेली सर्व्हिस वायर बघेन. खेड्यात पन्नास टक्के दुखणी तिथे असतात.

एका घरी भर उन्हाळ्यात तक्रार आली, दुपारी अकरा ते तीन प्लांट बंद पडतो. बरोबर जेव्हा ऊन जास्त तेव्हाच बंद. घरच्यांना वाटलं प्लेटा तापल्या. मी इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून बसलो. पडद्यावर २५२, २५८, २६३, आणि मग लाल दिवा: ग्रिड ओव्हर व्होल्टेज. दोन-चार मिनिटांनी परत चालू, परत २६३, परत लाल. मीटरवर मल्टीमीटर लावला तर प्लांट बंद असताना तिथे २५०. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, घराच्या जवळच, दुपारी गावात कोणाचा लोड नाही, म्हणून व्होल्टेज आधीच चढलेलं. त्यात सर्व्हिस वायर जुनी, अडीच चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम, चाळीस मीटर लांब. जायचं-यायचं मिळून ऐंशी मीटर, म्हणजे जवळपास एक ओहम. ३ किलोवॅटचे १३ अँपिअर त्यातून बाहेर ढकलायचे तर इन्व्हर्टरला १२-१३ व्होल्ट वर चढावंच लागतं. पाण्याच्या बारीक नळीतून जास्त पाणी पाठवायला दाब वाढवावा लागतो, तसंच हे. सर्व्हिस वायर दहा चौरस मिलिमीटरची केली, चढ तीन व्होल्टवर आला, आणि डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज खाली-वर करायची त्यातली जोडणी, बदलून घ्यायला महावितरणला अर्ज केला. त्या दिवसापासून तो प्लांट नीट चालतो आहे. प्लेट, इन्व्हर्टर, काहीच बदललं नाही.

म्हणून तुमच्याकडे २ किलोवॅट असला, ९ अँपिअरच्या आतच असला, तरी सर्व्हिस वायर कोणती आहे हे दरपत्रकात लिहून घ्या.

आणखी एक वायर माणसाला रडवते, ती न्यूट्रल. डीपीवर न्यूट्रल सुटली किंवा जळाली की ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज साडेतीनशेच्या पुढे जातं. टीव्ही, फ्रीज, चार्जर, आणि सोलरचं इन्व्हर्टर, सगळं एका क्षणात. माझ्या एका ग्राहकाच्या गल्लीत सात घरांतलं सामान असंच गेलं. इन्व्हर्टरची वॉरंटी अशा वेळी कामाला येत नाही, कंपनी म्हणते बाहेरचा दोष. आकाशातली वीज पडल्यावर तारेत येणाऱ्या उसळीसाठी लावतात तो सर्ज प्रोटेक्टरही इथे पुरत नाही, कारण तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, दहा मिनिटं चढून राहिलेल्या व्होल्टेजसाठी नसतो. मीटरनंतर एक ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवा, व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की तो लाइन तोडतो. हजार-दीड हजारांची वस्तू. मी आता तो बसवल्याशिवाय काम घेत नाही, ग्राहक म्हणाला नको तरी.

अर्थिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमचं गाव काळ्या मातीचं आणि त्यात खारपाणपट्ट्याचं, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारं त्या पट्ट्यातलं. सोलरला तीन अर्थिंग लागतात: एक प्लेटा आणि लोखंडी ढाच्याला, एक इन्व्हर्टर आणि मीटरच्या बाजूला, एक वीज अटकाव करणाऱ्या सळीला. तिसरी बाकी दोघींपासून लांब आणि तिची पट्टी घराच्या बाहेरूनच खाली आणायची, जिन्यातून नाही. हे सगळे जाणतात. जे जाणत नाहीत ते असं की काळी माती पावसाळ्यात रॉडला घट्ट मिठी मारते आणि मे महिन्यात हातभर भेगा पडून त्याच रॉडला सोडून देते. ऑगस्टमध्ये मोजलेली अर्थिंग छान येते, बिल पास होतं. पुढच्या जूनमध्ये मृगाचा पहिला कडकडाट होतो तेव्हा माती अजून कोरडीच असते, आणि नेमकी तेव्हाच अर्थिंग हवी असते. म्हणून रॉडभोवती बेंटोनाइटचं, म्हणजे ओल धरणाऱ्या चिकणमातीचं, मिश्रण भरा, खड्डा निदान तीन मीटर खोल घ्या, तोंडाशी झाकण ठेवा आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. न्हाणीघराचं सांडपाणी तिकडे वळवता आलं तर सोन्याहून पिवळं. खारपाणपट्ट्यात ओल मिळाली की अर्थिंग उत्तम लागते, पण क्षारामुळे साधी लोखंडी पट्टी पाच-सात वर्षांत खाऊन जाते. तिथे तांब्याचा थर दिलेला रॉड घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. कोळसा-मीठ भरून अर्थिंग करणारा जुना वायरमन असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, मीठ आधीच तुमच्या मातीत पुरेसं आहे.

खारपाणपट्ट्याचा दुसरा त्रास धुण्याचा. बोअरच्या पाण्यानं प्लेटा धुतल्या की वाळल्यावर पांढरा थर बसतो, घरातल्या बादलीला बसतो तसाच. दोन वर्षांत काच धुरकट दिसायला लागते. नळयोजनेचं गोडं पाणी वापरा, किंवा पावसाचं साठवलेलं. चार प्लेटांना दोन बादल्या पुष्कळ झाल्या. सकाळी सूर्य वर यायच्या आत, मऊ फडकं लांब काठीला बांधून. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, आणि तेव्हा वायरमध्ये पूर्ण दाबाचा डीसी करंटही असतो. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. तुमचं घर जिनिंगजवळ किंवा मातीच्या रस्त्यावर असेल तर आठवड्यातून एकदा.

उन्हाबद्दल एक गैरसमज इथल्या प्रत्येक माणसात आहे: ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. प्लेटेला उजेड हवा, उष्णता नको. कंपनी जो आकडा लिहिते, ५४० वॅट वगैरे, तो २५ अंशांना मोजलेला असतो. मे महिन्यात बाहेर ४५ असेल तेव्हा प्लेटेतला सेल ७० अंशांपर्यंत जातो. नेहमीच्या मोनो पर्क प्लेटेत दर अंशाला ०.३५ टक्के घट, म्हणजे पंचेचाळीस अंशांची मिळून पंधरा-सोळा टक्के. टॉपकॉन प्रकारात ही घट ०.३० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून आपल्या भागासाठी दोन-तीन हजार जास्त देऊन टॉपकॉन घ्यायला हरकत नाही. अनुदान हवं असेल तर देशी सेलच्या, म्हणजे डीसीआर, प्लेटाच लागतात. बिलावर डीसीआर लिहून घ्या आणि प्लेटांच्या मागचे क्रमांक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. १ लाख ६० हजारांच्या दरपत्रकात हा शब्द मला दिसत नाही. ते स्वस्त का आहे, हे बहुधा इथेच कळतं.

टिनावर काही बसवू नका. बल्ल्यांवर खिळलेले पत्रे वैशाखातल्या वावटळीत स्वतःच उडतात, त्यांच्यावर शंभरेक किलोचं ओझं आणि वाऱ्याचं शीड कशाला? स्लॅबच्या दोन खोल्यांवर चार प्लेटा आरामात मावतात. एक प्लेट साधारण सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद, चौघी मिळून ११० चौरस फूट. तोंड दक्षिणेला, उतार पंधरा ते वीस अंश. दक्षिणेला निंब असेल तर डिसेंबरमधल्या त्याच्या सावलीचा विचार आजच करा, उन्हाळ्यातली सावली फसवते. डिसेंबरात सूर्य खाली असतो, सावली लांब पडते.

उंची किती ठेवायची हा प्रश्न घरातल्या बायकांना विचारा. हे मी गमतीनं म्हणत नाही. एका घरी दोन फुटांवर प्लेटा बसवल्या आणि मार्चमध्ये घरातल्या काकूंनी मला चांगलंच सुनावलं: कुरडया, सरगुंडे, वड्या वाळत घालायच्या कुठे? तूर सुकवायची कुठे? आणि उन्हाळ्यात स्लॅबवर झोपायचं कुठे? तेव्हापासून मी पुढची बाजू साडेसहा फुटांवर घेतो, म्हणजे खाली माणूस उभा राहू शकतो आणि खालची खोलीही थोडी गार राहते. मात्र उंच ढाचा म्हणजे वाऱ्याचा जोर जास्त. खांब जिथे खाली पिलर किंवा बीम आहे तिथेच उतरवायचे, स्लॅबच्या मध्यावर नाही, आणि खाली काँक्रीटचे ठोकळे करून त्यात बोल्ट. ढाचा गरम गॅल्व्हनाइज केलेला, जस्ताचा थर ८० मायक्रॉन. नुसता चंदेरी रंग मारलेला पाइप दोन पावसाळे टिकतो. स्लॅबला भोक पाडलंच तर त्याच दिवशी रसायन भरून बंद करून घ्या, "उद्या करतो" म्हणणारा पावसाळ्यात फोन उचलत नाही.

वानरांचं काय? त्यांना अडवता येत नाही. उडी मारून ते प्लेटेवर बसतात, काच बहुतेक वेळा झेलते, आतमध्ये सेलला बारीक तडे जातात ते डोळ्यांना दिसत नाहीत. खरं नुकसान ते वायर ओढून करतात. म्हणून एकही वायर लोंबती नको, सगळी पाइपात. निंबाची फांदी प्लेटांच्या जवळ येत असेल तर छाटा. गारपिटीसाठी प्लेटेची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेनं होते. लिंबाएवढी गार आली तर कोणत्याच कंपनीच्या काचेची खात्री नाही. घराचा विमा काढताना त्यात प्लेटांची नोंद करून घेता येते, ती करा.

कागदाचं काम आजच सुरू करा, कारण त्यातच तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे. बिल आजोबांच्या नावावर आहे. अनुदान बिलावरच्या नावाच्या माणसाच्या बँक खात्यात जमा होतं. आजोबा हयात नसतील तर अर्ज तिथेच अडकला. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. भावकीत वाद असेल तर तो आधी मिटवा, प्लेटा बसल्यावर मिटत नाहीत. थकबाकी असेल तर भरून टाका. आधार, बिल आणि बँकेचं खातं, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून तुम्ही स्वतः करू शकता. १० किलोवॅटपर्यंत मंजुरीआधीच्या तांत्रिक तपासणीची अट राहिलेली नाही. एजन्सी पोर्टलवर नोंदलेली आहे का ते तिथेच दिसतं. कर्ज हवं असेल तर राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय देतात, खाजगी फायनान्सच्या हप्त्यात अडकू नका.

पैसे देताना एकच धरून ठेवा: नेट मीटर लागेपर्यंत निदान पंधरा-वीस टक्के हातात राहू द्या. प्लेटा बसवायला दोन दिवस लागतात, मीटरच्या मागे धावायला जास्त, आणि पूर्ण पैसे मिळालेला माणूस धावत नाही. योजनेत एजन्सीनं पाच वर्षं देखभाल करायची असते, ते करारात लिहिलेलं आहे का पाहा. दरपत्रक जुनं असेल तर नवं मागा. २२ सप्टेंबर २०२५पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, कामाच्या भागावरचा कर वेगळा असतो. सरकारनं अनुदान ठरवताना पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५० हजारांचा दर धरला होता. उंच ढाचा, तीन अर्थिंग, रिले, जाड वायर हे सगळं धरून २ किलोवॅटला सव्वा लाखाच्या आसपास मला रास्त वाटतं, अनुदान जाऊन तुमचे पासष्ट हजार.

उरलेल्या तीन गोष्टी लवकर संपवतो. पवनचक्की विसरा, आपल्या भागात घराच्या उंचीवर वर्षभर चालेल इतका वारा नाही. पाणी तापवायच्या सोलरची गरज आपल्याला दोन-अडीच महिने, आणि खाऱ्या-जड पाण्यानं त्याच्या काचेच्या नळ्यांत चुना बसतो. घरी पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळक्या काड्या, पडून आहेत तोवर न्हाणीची चूल बरी.

गोबरगॅस मात्र जनावरं असतील तर खरंच करा. २ घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं गोठ्यात हवीत. त्यात पाच माणसांचा स्वयंपाक निघतो आणि स्लरी वावरात जाते. बैल विकून ट्रॅक्टर आलेल्या घरी तो बांधू नये. दुसऱ्याच्या गोठ्यातून शेण आणून चालवू म्हणणारे महिनाभर आणतात. गावागावात अशा कोरड्या टाक्या कोंबड्या ठेवायला वापरलेल्या मी पाहिल्या आहेत.

तर आता असं करा. शंभर-दीडशे रुपयांचा प्लगमध्ये लावायचा व्होल्टमीटर मिळतो, तो घ्या. आठ दिवस सकाळी सात, दुपारी बारा, तीन आणि रात्री नऊ वाजताचे आकडे वहीत लिहा, आणि त्याच वहीत लाइन कधी गेली, कधी आली तेही. दुपारी बाराचा आकडा २४५च्या वर जात असेल तर आधी लाइनमनला वही दाखवा. नसेल, तर पंखे बदला आणि नाव बदलायचा अर्ज टाका. नाव बदलून हातात येईपर्यंत पावसाळा निघून जाईल, दिवाळीनंतर कापसाचे पैसे येतात तेव्हा प्लेटा बसवायला ऊनही चांगलं असतं आणि स्लॅबही कोरडा.